पाहुण्या पाखरांचा पत्ता

दर आठवड्याला या पानावर आपण घरातल्या नि अंगणातल्या गोष्टी बोलतो. आज मी अंगणाच्या जरा बाहेरचा विषय घेतला आहे. किती बाहेरचा, तर पार मध्य आशिया आणि युरोपापर्यंतचा! पण घाबरू नका. आपण निघणार आहोत ज्वारीच्या शेतातून, आणि परत येणार आहोत तेही आपल्याच मराठवाड्यात.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औशाकडचं. सासर नांदेडचं. लहानपणी ज्वारी निसवली, दाण्यात चीक भरला, की आम्हा भावंडांना एकच काम असायचं, पाखरं राखायचं. भोरड्यांचा थवा उतरला की शेत काळंगुलाबी दिसायचं. डोकं काळं, पंख काळे आणि मधलं अंग फिकट गुलाबी. आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो, पत्र्याचा डबा बडवायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. वडील म्हणायचे, "एक दिवस राखण चुकली की महिन्याची भाकरी गेली." त्यामुळे भोरडी म्हणजे चोर, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं. ती येते कुठून आणि जाते कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. चोराला कोण गाव विचारतं?

आता मी नांदेडहून एसटीने कंधारच्या बाजूच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पाचवीच्या वर्गावर होते. खिडकीबाहेर विजेच्या तारेवर भोरड्यांची रांग बसली होती. एक मुलगी, तशी गप्प गप्प असणारी, उठून म्हणाली, "बाई, ही पाखरं उन्हाळ्यात कुठं जातेत?"

मी म्हटलं, "थंड देशात. हिमालयाकडे." आणि पुस्तकाचं पान उलटलं.

पण ती बसली नाही. "मग पुढच्या साली हीच पाखरं आली का दुसरी, हे वळखतेत कसं?"

मैत्रिणींनो, मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." शिक्षिकेच्या 'उद्या सांगते'चा अर्थ तुम्हाला माहीतच आहे! पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तर तीच मुलगी उभी. मग मात्र घरी आल्यावर स्वयंपाक आटोपला, पुस्तकं काढली, आमच्या ह्यांना माहिती शोधायला बसवलं, आणि जे कळलं त्याने मीच थक्क झाले.

ओळखायची पहिली रीत तशी जुनी आहे. पाखराला अलगद जाळ्यात धरायचं, पायात अॅल्युमिनियमचं हलकं वलय घालायचं आणि सोडून द्यायचं. आपण बाळाच्या पायात वाळा घालतो तसं. वलयावर क्रमांक असतो आणि कुणाला कळवायचं तेही कोरलेलं असतं. आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून हे काम करते आहे. डॉ. सलीम अलींनी १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्याची मोठी मोहीमच सुरू केली. आरोग्य संघटनेला पाखरांची काळजी कशाला, असं मलाही वाटलं. त्याचं कारण असं की, दोनच वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप आला होता. तो गोचिडांमधून पसरत होता, आणि पाहुण्या पाखरांच्या अंगावरून असले गोचीड परदेशातून येतात की काय, अशी शंका होती. म्हणून पाखरांचे रस्ते माहीत करून घेणं निकडीचं झालं.

पण वलयाची एक अडचण आहे. ज्या पाखराला ते घातलं ते पुन्हा कुणाच्या तरी हाती लागलं पाहिजे, आणि त्या माणसाने कळवलं पाहिजे. हजारो वलयं घालावीत तेव्हा थोड्यांचीच बातमी येते. तीही कशी, तर इथे होतं आणि तिथे सापडलं, एवढीच. मधला प्रवास अंधारातच. लेक सासरी पोचली एवढं कळावं, पण वाटेत कुठे उतरली, काय खाल्लं, किती दिवस लागले, यातलं काही कळू नये, तसं.

मोठ्या पक्ष्यांचं आता सोपं झालं आहे. २०२२ साली ठाण्याच्या खाडीत काही रोहित पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहावरून ठावठिकाणा सांगणारी यंत्रं बसवली. त्यांतला हुमायून नावाचा एक रोहित थेट गुजरातेत भावनगरला गेल्याचं मुंबईत बसून कळलं. त्याच्याही आधी, २०२० साली, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांना सुमारे दोन ग्रॅमची यंत्रं लावली आणि त्यांची नावं ठेवली 'मेघ' आणि 'चातक'. आपण मराठवाड्याची माणसं चातकासारखी पावसाची वाट पाहतो असं नुसतं म्हणतो. तो चातक पावसाच्या आगेमागे आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो.

आता खरी मेख पुढे आहे. रोहित पक्षी भरभक्कम, चातकही साळुंकीच्या आसपासचा. पण दारात येणारा धोबी, चिमणीएवढी गुलाबी चटक, पेरूच्या पानापानांतून फिरणारा वटवट्या, यांचं काय? चटकेचं वजन २२ ते २५ ग्रॅम. हिरवट वटवट्या तर जेमतेम आठ ग्रॅमचा. त्याच्या पाठीवर काय बांधणार?

याचा एक ढोबळ नियम शास्त्रज्ञांनी ठरवला आहे. पाखराच्या वजनाच्या शंभरात तीन भागांहून जड काही बांधायचं नाही. फार तर पाच. हिशोब करून पाहा. तुमचं वजन ५० किलो असेल तर दीड किलो, म्हणजे पाण्याने भरलेला एक मोठा तांब्या कमरेला बांधून जन्मभर वागायचं. चटकेच्या वाट्याला येतं अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या मधलं काहीतरी. म्हणजे ज्वारीचे वीसेक दाणे. मी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पाच गुंजा. माझ्या नाकातल्या मोरणीएवढंच की गं!"

तर या मोरणीएवढ्या यंत्राला जिओलोकेटर म्हणतात. हे यंत्र उपग्रहाशी बोलत नाही, कुणाला निरोप धाडत नाही. त्याला दोनच गोष्टी येतात. उजेड किती आहे हे पाहणं आणि किती वाजले हे लिहून ठेवणं. बस्स. तेवढ्यावरून पाखरू कुठे होतं हे कसं कळतं? इथे मला संकष्टी आठवली.

संकष्टीचा उपवास सोडताना आपण कॅलेंडरात आपल्या गावचा चंद्रोदय बघतो की नाही? मुंबईचा वेगळा, नांदेडचा वेगळा छापलेला असतो. जे गाव जितकं पूर्वेला तितका तिथे चंद्र आधी, सूर्यही आधी. दोन गावं पूर्व-पश्चिम एका अंशाने दूर असली की सूर्य चार मिनिटांचा फरक करतो. भर दुपारी सूर्य माथ्यावर येतो तो नांदेडला लातूरपेक्षा तीन मिनिटं आधी, आणि मुंबईपेक्षा जवळजवळ अठरा मिनिटं आधी. यंत्राने उजाडल्याची आणि मावळल्याची वेळ लिहिली की त्यांच्या बरोब्बर मधली वेळ काढायची. त्यावरून पाखरू किती पूर्वेला वा पश्चिमेला होतं ते कळतं.

आणि उत्तर-दक्षिण? ती दिवसाच्या लांबीवरून. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर स्वीडनच्या दक्षिण भागात साडेसतरा तासांहून मोठा. मात्र २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आगेमागे सगळ्या जगात दिवस-रात्र सारखी होते, तेव्हा ही युक्ती चालत नाही. आभाळ भरून आलं, पाखरू दाट झाडीत बसलं, तरी हिशोब चुकतो. शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे व्हायचेच. म्हणजे पाखरू माझ्या माहेरी होतं की सासरी, हे काही हे यंत्र खात्रीने सांगायचं नाही! पण ते हिंदुस्थानात होतं की आफ्रिकेत, हे बरोब्बर सांगतं.

हे यंत्र बसवायचं कसं, ते आपल्याला लगेच समजेल, कारण हे बायकांचं शिवणकामच आहे. दोन बारीक फासे करतात, ते पाखराच्या दोन्ही मांड्यांतून घालतात आणि यंत्र कमरेवर बसतं. फासा सैल राहिला तर पाय अडकतो, घट्ट झाला तर कातडी सोलते. त्यातून ही पाखरं लांबच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवतात. काहींचं वजन दीडपट, कधी तर दुप्पट होतं. तेवढी जागा आधीच धरून शिवावं लागतं, वाढत्या अंगाच्या पोरीच्या पोलक्याला शिवणीत माया ठेवतो तसं. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ब्रिजेट स्टचबरी या बाईंनी पहिल्यांदा छोट्या गाणाऱ्या पाखरांवर हा प्रयोग केला. पूर्वी हीच जातीची यंत्रं अल्बाट्रॉससारख्या मोठ्या समुद्रपक्ष्यांवर लावत असत. बाईंनी १४ कस्तुरांच्या आणि २० जांभळ्या पाकोळ्यांच्या अंगावर ती बांधली आणि पाखरं सोडून दिली.

आणि मग? मग वाट पाहायची. कारण यंत्रातली नोंद हवी तर तेच पाखरू वर्षाने त्याच जागी परत यायला हवं आणि पुन्हा जाळ्यात सापडायला हवं. ३४ पाखरांपैकी सात यंत्रं हाती लागली. पाच कस्तुरांची, दोन पाकोळ्यांची. त्या सातांनी जे सांगितलं त्याने सगळे चकित झाले. पाकोळीची एक मादी ब्राझीलमधून साडेसात हजार किलोमीटर उडून तेरा दिवसांत घरी पोचली होती. जाताना रमतगमत, येताना मात्र घाई. माहेराची ओढ म्हणा ना!

आपल्या देशाचं नातं या यंत्राशी जुळलं ते गुलाबी चटकेमुळे. स्वीडनमध्ये बाल्टिक समुद्रात ऑलंड नावाचं बेट आहे. तिथल्या चटकांना अशी यंत्रं बांधली. २०१६ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. युरोपातली पुष्कळशी छोटी पाखरं हिवाळ्याला दक्षिणेकडे आफ्रिकेत जातात. ही चटक मात्र पूर्वेची वाट धरते, मध्य आशियातून वळते आणि हिवाळ्याला पाकिस्तान, उत्तर हिंदुस्थानाच्या मुलखात उतरते. पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि जीव केवढा, तर पाच छोटे चमचे साखरेएवढा. पुढे युरोपातल्या आणखी काही देशांतल्या चटकांवरही हा अभ्यास झाला. ही चटक थंडीत महाराष्ट्रातही दिसते. शेताच्या कडेला, बोरीबाभळीत गुलाबी नर आणि मातकट मादी दिसली तर ओळखा.

हे सगळं वाचताना एक प्रश्न माझ्या मनात सारखा येत होता. तुमच्याही आला असेल. एवढ्याशा जिवाला हा त्रास कशाला? शास्त्रज्ञांनाही तो पडला आहे. २०२० साली अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दिसलं की यंत्र बांधलेली पाखरं परत येण्याचं प्रमाण किंचित कमी असतं. किंचितच, पण कमी. म्हणून यंत्र आणखी हलकं करायची खटपट सारखी चालू आहे, आणि आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय पाखराला हात लावता येत नाही, हे योग्यच आहे.

पण हा त्रास देण्याचं कारणही तसंच मोठं आहे. या पाखरांची घरं दोन. एका घरी ती पिल्लं वाढवतात, दुसऱ्या घरी थंडी काढतात, आणि मधे मुक्कामाच्या दहा जागा. पाखरं कमी झाली तर बिघडलं कुठे? पिल्लांच्या घरी, थंडीच्या घरी, की वाटेत? हे कळल्याशिवाय उपाय कुठे करणार? लेक वाळत चालली तर आई आधी विचारते, सासरी जेवतेस ना? प्रवासात आजारी पडलीस का? तसंच आहे हे.

आणि या हिशोबात आपणही आहोत, कारण पुष्कळ पाखरांचं थंडीचं घर म्हणजे आपलंच शिवार. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडे पिल्लं वाढवतो आणि थंडीला आपल्याच बाजूच्या ज्वारीत येतो. माझ्या माहेरची कितीतरी शेतं आता सोयाबीनकडे गेली. लातूरचा बाजार सोयाबीनचा म्हणून नावाजला, घरात चार पैसे आले, हे मी नाकारत नाही. पण ज्वारी कमी झाली तशी आमच्या घरातली भाकरी कमी झाली, आणि भारिटांचंही ताट कमी झालं असणार.

राहता राहिली आमची चोर भोरडी! तिचं पिल्लांचं घर कझाकस्तानकडच्या गवताळ मुलखात. दगडांच्या ढिगांत हजारोंनी घरटी करते आणि पिल्लांना नाकतोडे आणि टोळ भरवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात १९८० नंतर शेतकऱ्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून तिला बोलावणं केलं, टोळ खाण्यासाठी! टोळधाड म्हणजे काय, ते विदर्भाने मे २०२० मध्ये पाहिलंच. म्हणजे तिथे ती राखणदार आणि इथे चोर. हे मी वडिलांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिकडं राखती ते ठीक हाय, पर हितलं कणीस तर खातीच की." तेही खरंच. वर्षाची भाकरी जाणाऱ्याला कौतुक सांगून पोट भरत नाही. पण हल्ली ते गोफणीत दगड घालत नाहीत, नुसता डबा वाजवतात. पळस फुलला की त्याच भोरड्या त्यातला मध प्यायला येतात, म्हणून तर तिला पळसमैनाही म्हणतात. त्यानंतर एप्रिलात ती निघून जाते.

आता, या पानाच्या रिवाजाप्रमाणे, आपल्याला घरी काय करता येईल ते सांगते.

दुधाच्या हिशोबाच्या वहीचं मागचं पान काढा. सप्टेंबर-ऑक्टोबरात गच्चीवर शेपटी हलवणारा पहिला धोबी दिसेल, ती तारीख लिहा. मार्च-एप्रिलात शेवटचा दिसला, ती तारीख लिहा. दरवर्षी एवढंच. चार-पाच वर्षांनी हेच पान मोलाचं होईल.

मातीचं उथळ परळ पाण्याने भरून सावलीत ठेवा. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतील.

मेलेल्या पाखराच्या पायात वलय किंवा पाठीवर यंत्र दिसलं तर फेकू नका. क्रमांक, तारीख, गाव लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला किंवा वनखात्याला कळवा. जिवंत पाखराचं वलय ओढून काढू नका. फोटो काढा, क्रमांक वाचता आला तर टिपा.

मुनिया, पोपट विकायला आले तर मुलांच्या हट्टापायी घेऊ नका. आपली रानपाखरं पिंजऱ्यात ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिला मी हे सगळं वर्गात सांगितलं, फळ्यावर सूर्य काढून दाखवला. ती म्हणाली, "बाई, आमीबी जातो ना, तसंच." तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की सांगली-कोल्हापूरकडे, आणि पाडव्यानंतर परत. भोरड्या आमच्या गावात येतात तेव्हा हिची जायची वेळ होते. वर्गातल्या अशा दोघी होत्या. दोघींना शाळेतून शिक्षण हमी पत्रक दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. मी आपली एकेक वही दिली आणि म्हटलं, तिकडे जे पाखरू दिसेल ते तारखेसकट लिहा.

एप्रिलात ती परत आली. वहीवर उसाचे डाग, कडा चुरगळलेल्या. बरीच पानं कोरी होती. पण कोपीजवळच्या पाण्याच्या चरापाशी रोज एक धोबी येत होता, त्याच्या तारखा ओळीने लिहिलेल्या होत्या. शेवटची ओळ अशी: "आज धोबी आला नाही. आमीबी परवा निघणार."

दुसरी मुलगी आली नाही. तिच्या घरचे तिकडूनच कुठेतरी गेले, असं गावात सांगतात. मी जूनमध्ये तिच्या वस्तीवर जाऊन आले. घराला कुलूप होतं. शेजारणीला माझा फोन नंबर देऊन ठेवला आहे, आणि तिचं नाव हजेरीपटावरून अजून कमी होऊ दिलेलं नाही.

यंदाही तारेवर भोरड्या आल्या आहेत. काल पहिली मुलगी येऊन म्हणाली, "बाई, वही द्या. दिवाळी झाली की निघतोत." मी दुकानातून दोन वह्या घेऊन ठेवल्या आहेत.